न वापरलेल्या कार्डाचे भाडे



मुंबईहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग मलकापूर सोडल्यावर, नांदुरा येण्यापूर्वी, वडनेर भोलजीला स्पर्श करून पुढे जातो. कधीकाळी त्याचा क्रमांक सहा होता, आता तो त्रेपन्न आहे. क्रमांक बदलला, रस्ता रुंद झाला आणि शहरात जे काही विकले जाते ते या रस्त्याने गावात येऊ लागले. त्यात अलीकडच्या काळात एक वस्तू अशी आली की, जिला वजन नाही, जी खराब होत नाही आणि जी घेताना पैसेही द्यावे लागत नाहीत. ती वस्तू म्हणजे क्रेडिट कार्ड. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी त्याला खुशाल ‘पतपत्र’ म्हणावे. पण ज्याला ते मिळाले आहे त्याच्या मनात आपली पत वाढल्याचा जो आनंद असतो, तो कोणत्याही शब्दाने तितकाच होतो. हे कार्ड घरी येते, दोन दिवस कौतुकाने हाताळले जाते आणि मग शेताचा सातबारा, विम्याचे कागद, लग्नाच्या पत्रिका यांच्यासोबत पत्र्याच्या पेटीत जाऊन पडते. पेटीत पडलेली वस्तू खर्च मागत नाही, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. आजचा विषय हा समज तपासण्याचा आहे.

वडनेरसारख्या गावात कार्डाचा वापर कमी का होतो, हे आधी पाहिले पाहिजे. त्याचे कारण अज्ञान नव्हे, आळस तर मुळीच नव्हे. ते कारण पंचांगात आहे. या भागातला पैसा कापूस, सोयाबीन, तूर यांच्या मागे चालतो. मृगाच्या तोंडावर बियाणे-खतांसाठी तो घराबाहेर जातो आणि माल बाजारात पोहोचला की परत येतो. मधले महिने उधारी-उसनवारीचे आणि काटकसरीचे. क्रेडिट कार्डाचा हिशेब मात्र महिन्याचा आहे. दर महिन्याला विवरणपत्र, दर महिन्याला भरण्याची अंतिम तारीख, चुकली की दर महिन्याला दंड. पगारदाराच्या जीवनक्रमाला बेतलेले हे वस्त्र हंगामी उत्पन्नाच्या माणसाच्या अंगावर चढवले, तर ते तो रोज कसे घालणार? म्हणून तो ते घडी घालून ठेवतो. गावात जे पगारदार आहेत, म्हणजे शिक्षक, आरोग्यसेवक, ग्रामसेवक, त्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. घर शेतीचेच असते, किराणा ओळखीच्या दुकानातून येतो आणि रोजच्या देण्याघेण्याला आता मोबाइलवरचे यूपीआय पुरते.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. एका शिक्षकाला वेतनखात्याबरोबर एक कार्ड मिळाले. ‘पहिले वर्ष मोफत’ असे सांगण्यात आले आणि ते खरेही होते. मुलाच्या परीक्षेचे शुल्क भरण्यासाठी कार्ड एकदा वापरले, रक्कम मुदतीत भरली, कार्ड पेटीत गेले. दुसरे वर्ष लागताच वार्षिक शुल्क आकारले गेले. ते ४९९ रुपये होते असे धरू. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ८९ रुपये ८२ पैसे. एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. विवरणपत्र गेले ते ईमेलवर, आणि तो ईमेलचा पत्ता मुलाने पुण्याला जाण्यापूर्वी काढून दिलेला. त्याचा परवलीचा शब्द आज घरात कोणालाच आठवत नाही. अंतिम तारीख उलटली. उशिराच्या भरण्याचा दंड बँकेगणिक बदलतो. येथे तो महिन्याला चारशे रुपये धरला, तर करासह ४७२ होतात. तीन महिन्यांत १,४१६. मूळचे शुल्क मिळवले की देणे २,००४ रुपये ८२ पैसे. ज्या गृहस्थाने या वर्षात त्या कार्डावर एक छदामही खर्च केला नाही, एक पेन्सिलही घेतली नाही, तो दोन हजारांचा थकबाकीदार झाला.

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, म्हणजे देणे दामदुपटीच्या पुढे जाता कामा नये, असा तो नियम. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयानेही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला होता. तो व्याजाला लागू होता, दंडाला नव्हे, हे खरे. तरीही ज्या समाजाने सावकारालाही मर्यादा घालून दिली होती, त्या समाजातला मनुष्य वरचा हिशेब पाहून थक्क होतो, यात नवल नाही. ५८८ रुपयांचे देणे दुसऱ्याच महिन्यात दुपटीची रेषा ओलांडून जाते. आणि हे कर्ज घेतल्याबद्दल नव्हे, कर्ज न घेतल्याबद्दल.

‘कर्ज न घेतल्याबद्दल’ हे शब्द कोणाला अतिशयोक्तीचे वाटतील. पण कार्डाच्या शुल्काची रचना नीट पाहावी. आपल्याकडे ‘कार्ड न वापरल्याबद्दल इतका दंड’ असे सहसा कोणी छापत नाही. छापले जाते ते असे की, वर्षभरात अमुक हजारांची खरेदी केल्यास वार्षिक शुल्क माफ. वाक्य सवलतीचे आहे. त्याचा अर्थ मात्र असा की, जो भरपूर खर्च करतो त्याला कार्ड फुकट आणि जो हात राखून खर्च करतो त्याने भाडे भरावे. समजा माफीची मर्यादा पन्नास हजारांची आहे. मार्चच्या अखेरीस एखाद्या घरात चाळीस हजारांचा खर्च कार्डावर झालेला असतो आणि ५८८ रुपये वाचवण्यासाठी दहा हजारांची अशी एखादी वस्तू घरात येते की, जिची कोणालाच गरज नव्हती. काटकसर हा आपल्या मध्यमवर्गीय घराचा गुण मानला गेला. येथे तोच गुण दंडास पात्र ठरतो.

बँकेची बाजूही ऐकली पाहिजे. ती सर्वस्वी खोटी नाही. कार्ड वापरले गेले की दुकानदार आपल्या विक्रीतून काही टक्के बँकांना देतो, आणि कार्ड देणाऱ्या बँकेची मिळकत त्यातूनच होते. जे ग्राहक पूर्ण रक्कम न भरता थोडी थोडी भरतात त्यांच्याकडून व्याज मिळते, आणि ते वर्षाला छत्तीस-बेचाळीस टक्क्यांपर्यंत जाते. पेटीतल्या कार्डातून यातले काहीच मिळत नाही. उलट ते बनवण्याचा, पाठवण्याचा, त्याची नोंद व सुरक्षा सांभाळण्याचा खर्च मात्र चालू राहतो. त्यात १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क शून्य करण्यात आले. देशातील लहान दुकानदाराच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता, पण त्यामुळे बँकांच्या लेखी क्रेडिट कार्डाचे मोल वाढले. शाखेत पासबुक छापून घ्यायला गेलेल्या माणसाला ‘साहेब, एक कार्ड घेऊन टाका’ असा जो आग्रह होतो, त्यामागे हे अर्थकारण आहे. ज्याचा खर्च होतो त्याने तो मागावा, यात अधर्म नाही. मागणी कार्ड देण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत आणि ग्राहकाला समजेल अशा भाषेत व्हावी, एवढीच अपेक्षा. तक्रार खर्चाची नाही, लपवाछपवीची आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. अमेरिकेत २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर बँकांच्या मनमानीविरुद्ध लोकमत खवळले आणि २००९ मध्ये तेथे क्रेडिट कार्डासंबंधी नवा कायदा झाला. त्याखालच्या नियमांनी ऑगस्ट २०१० पासून, कार्ड वापरले नाही एवढ्याच कारणासाठी शुल्क आकारण्यास मनाई केली. भोगवादाची राजधानी म्हणून ज्या देशाकडे बोट दाखवले जाते, त्या देशानेही न वापरण्याचा दंड अन्याय्य ठरवला. वार्षिक शुल्काला मात्र तेथेही बंदी नाही, आणि फट राहते ती नेमकी तेथेच.

आपल्या देशात बँकांच्या क्रेडिट कार्डाचा इतिहास स्वदेशी बँकेपासून सुरू होतो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी मुंबईत सेंट्रल बँक ऑफ इंडिया स्थापन केली. संपूर्ण भारतीय मालकीची आणि भारतीयांनीच चालवलेली व्यापारी बँक, हे तिचे वैशिष्ट्य होते. त्याच बँकेने १९८० मध्ये ‘सेंट्रल कार्ड’ आणले. पुढे उदारीकरणाच्या वाऱ्याबरोबर परदेशी बँका आल्या, खाजगी बँका आल्या आणि कार्ड ही मागण्याची वस्तू न राहता गळ्यात घालण्याची वस्तू झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत ‘आजन्म मोफत’ कार्डाचे फोन न आलेला मनुष्य विरळा. न मागितलेली कार्डे टपालाने घरी येत आणि मागोमाग त्यांची बिलेही. या प्रकाराला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेला नोव्हेंबर २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. न मागितलेले कार्ड देऊन बिल आकारले, तर ते रद्द करून त्याच्या दुप्पट रक्कम बँकेने ग्राहकाला द्यावी, हा दंडक तेव्हापासूनचा. मार्च २००८ मध्ये देशात सुमारे पावणेतीन कोटी क्रेडिट कार्डे होती. थकबाकीचे चटके बसल्यावर बँकांनी स्वतःच हात आखडता घेतला आणि मार्च २०१२ पर्यंत ही संख्या पावणेदोन कोटींच्या आसपास उतरली. त्यानंतर चक्र पुन्हा उलटे फिरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. महानगरे भरल्यावर हा ओघ तालुक्यांकडे वळणार हे उघड होते, आणि तालुक्याकडून वडनेरकडे यायला महामार्ग आहेच.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांसंबंधी सविस्तर निर्देश काढले. त्यांतला बराच भाग त्याच वर्षीच्या जुलैपासून आणि काही कलमे ऑक्टोबरपासून अमलात आली. पेटीतल्या कार्डाशी ज्यांचा संबंध आहे अशा त्यांतल्या तरतुदी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. हाती आलेले कार्ड तीस दिवसांत सुरू केले नाही, तर बँकेने ग्राहकाची मोबाइलवरील सांकेतिक क्रमांकाद्वारे, म्हणजे ओटीपीने, संमती मागावी. संमती मिळाली नाही तर कोणताही खर्च न लावता सात कामकाजाच्या दिवसांत ते खाते बंद करावे. म्हणूनच ‘नुसता नंबर सांगा, कार्ड बंद करण्यासाठी हवा आहे’ असे फोनवर सांगणाऱ्याला तो नंबर देणे धोक्याचे. त्या नंबराने कार्ड बंद होण्याऐवजी सुरू होऊ शकते, आणि सांगणारा बँकेचा असेल याचीही शाश्वती नाही. दुसरी तरतूद वर्षभर न वापरलेल्या कार्डाची. एक वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरले नसेल, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करावी आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर खाते बंद करावे.

हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकण्यापूर्वी त्या तरतुदीचे शेपूट पाहावे. खाते बंद करावे, पण सर्व देणे फिटले असेल तर. आपल्या उदाहरणातील शिक्षकाचे कार्ड वर्षभर पडून आहे, म्हणजे नियमाप्रमाणे ते बंद व्हायला हवे. पण त्यावर वार्षिक शुल्काचे देणे चढले आहे, म्हणून ते बंद होत नाही. न वापरल्यामुळे जे शुल्क माफ झाले नाही, तेच शुल्क न वापरलेले कार्ड जिवंत ठेवते. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. परंतु ज्या ग्राहकासाठी नियम केला तोच त्याच्या बाहेर राहतो, असा हा प्रकार आहे. यावर उपाय एकच: बँक बंद करील याची वाट न पाहता ग्राहकाने स्वतः अर्ज करावा, आणि तो पुढच्या वर्षाचे शुल्क लागण्याच्या आधी.

अर्ज केल्यावर मात्र नियम ग्राहकाच्या बाजूने भक्कम उभा राहतो. देणे बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यावेत. दंडाची दिशा येथे उलटी झाली. अर्जासाठी दूरध्वनी, ईमेल, संकेतस्थळ, मोबाइल अॅप असे मार्ग खुले ठेवावेत आणि टपालानेच अर्ज पाठवा असा हट्ट बँकेने धरू नये, असेही निर्देशांत म्हटले. शुल्कात वाढ करावयाची असेल तर किमान एक महिना आधी कळवले पाहिजे, आणि त्या वाढीमुळे कार्ड परत करू इच्छिणाऱ्याकडून जादा आकार घेता येणार नाही. न भरलेले शुल्क आणि त्यावरचा कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावण्यासही मनाई करण्यात आली. कार्डाचे कात्रीने दोन तुकडे करून चुलीत टाकणे हा मात्र खाते बंद करण्याचा मार्ग नव्हे. प्लास्टिक जळते, खाते राहते.

दोन हजारांच्या थकबाकीने असे काय आभाळ कोसळते, असा प्रश्न मनात येणे शक्य आहे. वसुलीला कोणी दारात येईलच असे नाही. पण ती थकबाकी ग्राहकाच्या पतइतिहासात नोंदली जाते, आणि तो इतिहास देशातील कोणत्याही बँकेला एका क्षणात दिसतो. ‘सिबिल’ हा शब्द आता खेड्यातल्या चावडीवरही बोलला जातो. पीककर्जासाठी शेतकऱ्याकडे सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, अशी तंबी राज्याच्या मुख्यमंत्र्यांना मे २०२५ मध्ये द्यावी लागली, यावरून त्या शब्दाची दहशत कळते. पीककर्जापुरते हे छत्र धरले गेले, असे मानले तरी ट्रॅक्टर, घर, मुलीचे उच्च शिक्षण यांच्या कर्जावर ते नाही. मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश निश्चित झालेला असावा, शुल्क भरण्यास आठ दिवस उरलेले असावेत आणि वडिलांच्या नावावर कधीकाळी पेटीत टाकलेल्या कार्डाची थकबाकी निघावी. पैसे त्या दिवशी भरता येतात, पण थकबाकीची जुनी नोंद त्याच दिवशी पुसली जात नाही. या घरात हानी दोन हजारांची झाली असे कोण म्हणेल?

हेच शुल्काचे तत्त्व क्रेडिट कार्डापुरते राहिलेले नाही. बचत खात्यावरील एटीएम कार्डालाही वार्षिक आकार असतो. स्टेट बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या साध्या डेबिट कार्डांचा आकार १२५ वरून २०० रुपये केला, कर वेगळा. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड हा त्याचाच सख्खा भाऊ. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने या दंडापोटी सुमारे १,७७१ कोटी रुपये जमा केले, आणि हा आकडा तिच्या त्या वर्षीच्या एका तिमाहीच्या नफ्यापेक्षा मोठा होता. टीका झाली, दर उतरले आणि मार्च २०२० मध्ये त्या बँकेने हा दंड रद्दच केला; २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तोच मार्ग धरला. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार सरकारी बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँकांनी २०१८ पासून या एका दंडातून एकवीस हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले होते. ज्याच्या खात्यात पैसा नाही त्याच्याकडून पैसा नसल्याबद्दल घेतलेले हे पैसे. ज्यांना हा भार नको त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून मूलभूत बचत खात्याची सोय केली आहे. त्याला किमान शिल्लक नाही आणि त्यावरच्या एटीएम कार्डाला वार्षिक आकारही नाही. शाखेतला फलक हे सहसा सांगत नाही, विचारावे लागते.

आता एक उलटी गोष्ट. सर्वच पेटीतली कार्डे बंद करण्याजोगी नसतात. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली आणि ज्या घरांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांच्या हाती रुपे कार्ड आले. रुपे ही आपली स्वतःची व्यवस्था. २०१२ मध्ये ती सुरू होईपर्यंत येथल्या व्यवहारांचाही मार्ग बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या जाळ्यातून जात होता. जनधनच्या रुपे कार्डाबरोबर अपघात विमा येतो. आरंभी तो एक लाखाचा होता, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी दोन लाखांचा झाला. खातेदाराला हप्ता भरावा लागत नाही. पण त्याला एक अट आहे. अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत खातेदाराने स्वतः किमान एक व्यवहार केलेला असला पाहिजे. पूर्वी ही मुदत पंचेचाळीस दिवसांची होती, ती वाढवण्यात आली. व्यवहार पैशाचाच हवा असेही नाही. शिल्लक तपासली तरी चालते.

महामार्गाच्या कडेला वसलेल्या गावाला ही अट किती जवळची आहे, हे वेगळे सांगायला नको. भरधाव वाहनांच्या या रस्त्यावर अपघात हा वर्तमानपत्रातला शब्द नाही. घरचा कर्ता पुरुष जातो, तेरावा होतो, कोणी जाणता माणूस सांगतो की जनधन खात्यावर विमा असतो, पेटीतून कार्ड निघते. अगदी कोरे. एकदाही न वापरलेले. दावा तेथेच संपतो. क्रेडिट कार्ड न वापरल्याचे शुल्क पैशात मोजता येते. रुपे कार्ड न वापरल्याचे शुल्क एखाद्या विधवेला भरावे लागते. हे टाळायला लागतो तो दोन महिन्यांतून एकदा बँकमित्राकडे किंवा एटीएमवर जाऊन शिल्लक पाहण्याएवढा वेळ. बाजाराच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचे कार्ड सोबत न्यावे, आणि ज्याचे कार्ड त्यानेच जावे. बायकांची कार्डे या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्षित असतात.

किसान क्रेडिट कार्डाचेही येथेच सांगितले पाहिजे, कारण नावातल्या साम्यामुळे गोंधळ होतो. १९९८ मध्ये सुरू झालेली ही योजना म्हणजे मूलतः पीककर्ज. तिची परतफेड पिकाच्या हंगामाशी बांधलेली असते, महिन्याच्या तारखेशी नाही. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला सात टक्के व्याज आणि वेळेवर फेडणाऱ्याला तीन टक्क्यांची आणखी सूट, अशी तिची रचना राहिली आहे. शेतकऱ्याचे पंचांग ओळखून केलेले कार्ड कसे असू शकते, याचा तो नमुना आहे. म्हणून ‘तुमच्याकडे आधीच एक क्रेडिट कार्ड आहे, हे दुसरे त्याच्याच जोडीचे’ असे कोणी सांगू लागला, तर ते त्याच्या जोडीचे नाही, हे ओळखावे. एकावर चार टक्के, दुसऱ्यावर बेचाळीस.

एवढ्या दराने व्याज घेणे कायद्याला मान्य आहे काय? अहमदाबादच्या ‘आवाज’ या ग्राहक संस्थेने हा प्रश्न राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे नेला होता. जुलै २००८ मध्ये आयोगाने तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, तो निर्णय रद्द झाला. व्याजाचे दर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील विषय ठरला. निर्णयाचा आदर राखूनही एवढे म्हणता येईल की, दराची लढाई ग्राहकाने हरली असली तरी माहितीची लढाई त्याच्या हातून गेलेली नाही. न कळवता लावलेले शुल्क, न मागितलेले कार्ड, अर्ज करूनही बंद न केलेले खाते या तक्रारींचा मार्ग अजून खुला आहे.

या मार्गाची पायवाट महाराष्ट्रातच पडली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहकाला कायद्यात स्वतंत्र स्थानच नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी आला. तेल, साखर, रॉकेल यांच्या मापातली चोरी पकडण्यासाठी त्या काळी कार्यकर्ते वजनमापे घेऊन दुकानात जात. आज माप दिसत नाही. ते पंधरा पानी अटींच्या बारीक अक्षरांत असते आणि ती पाने बहुधा इंग्रजीत असतात. कार्यकर्त्याने आता चष्मा घेऊन बसायचे आहे.

काम अगदी लहान आहे. एखाद्या रविवारी पेटी उघडावी आणि घरातली सर्व कार्डे ओट्यावर मांडावीत. प्रत्येकावर कोणत्या बँकेचे, कोणत्या प्रकारचे, शुल्क केव्हा लागते, हे विचारून लिहावे. जे वापरायचे नाही त्यावरचे देणे आधी विचारून भरावे; शुल्क चुकीचे वाटत असेल तर तसे लेखी नोंदवावे; मग बंद करण्याचा अर्ज द्यावा. अर्ज मराठीत चालतो. शाखेत दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी, फोनवर दिला तर तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. कार्डावर चुकून जास्त भरलेली रक्कम असेल तर ती बचत खात्यात परत येते, तिचाही पाठपुरावा करावा. तीस दिवसांत बँकेचे उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. तेथेही समाधान झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पूर्वी बँकेचे मुख्य कार्यालय किंवा शाखा जेथे असेल तेथे खेटे घालावे लागत. २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्कही नाही. वडनेरच्या ग्राहकाला मुंबई गाठण्याची गरज नाही. बुलढाण्याला जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येते.